वरवंट्यानं फोडलेली डिस्क

२०११ सालच्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळीच, अफजलपूरकडच्या गायरानावरची घरं पाडली. धनगरांची आणि बौद्धांची, शेजारशेजारची. आदल्या दिवशीची सणाची भज्जी-आंबील गाडग्यांत उरली होती, त्यांच्यावरून मशीन फिरलं. तिथल्या एका म्हातारीचा अंगठा जबरदस्तीनं कोऱ्या कागदावर उमटवला आणि वर लिहिलं, घर राजीखुशीनं सोडलं. हात कुणी धरला ते तिनं पाहिलं होतं. आम्ही तिची साक्ष कॅमेऱ्यावर घेतली. पुढच्या आषाढात ती वारली.

आम्ही म्हणजे पत्रकं वाटणारी पाच-सहा पोरं-पोरी आणि अक्का. बिदरला मैलूरमध्ये अक्काची खोली, तिथं कपाटात साठवणपेटी. नास म्हणतात तिला. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच. सगळ्या साक्षी तिथंच. कॅमेऱ्याची कार्डं आम्ही पुसून टाकायचो, कागद ठेवायचो नाही. मागं आमची साक्षीदारांची एक यादी कुणाच्या तरी हाती लागली आणि यादीतल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी कामावरून हाकललं. तेव्हापासून नियम केला : पेटीबाहेर दुसरी प्रत नको, आणि काढलेली डिस्क जागेवर फोडायची. नियम माझाच. मला त्याचा अभिमान होता.

दिवाळीआधी पेटी भरली. पाडलेल्या घरांची सुनावणी पंधरा दिवसांवर. मोठ्या डिस्क आणल्या. पद्धत सोपी होती : एक जुनी काढायची, नवी घालायची, दुसऱ्या जुनीवरून सगळं नवीवर उतरलं की तीही बदलायची. पडद्यावर इशारा होता, दोन नंबरची डिस्क कमजोर आहे. मग तीच आधी काढायची ठरली. दुकानदार भाईनं पेटी बसवताना खणांवर १ आणि २ च्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मी २ ची ओढली, नवी सरकवली. काढलेलीचे स्क्रू खोलले आणि पाट्यावर धरून आतल्या तबकड्या वरवंट्यानं ठेचल्या.

तरी पडद्यावरचा इशारा जाईना. भाईला फोन लावला.

"कौनसी निकाले?"

"दोन नंबर. डावीकडची."

"अरे बाबा, मैं सीधे हात से गिनतूं! पेटी उल्टे हात से गिनती. अच्छी वाली निकाल दिए तुम! वापस डालो."

उर्दू वाचणारा माणूस. त्याला उजवीकडून मोजायची सवय, पेटी मोजते डावीकडून. मी पाट्याकडं बघितलं.

"फोडली," म्हणालो.

भाई म्हणाला, "पेटी को हाथ नक्को लगाव."

अक्का दारात उभी. "कामून फोडलास रे? उतरून होईपर्यंत दम न्हाई का?"

"नियम हाय, अक्का."

"व्हय. नियम पोलिसांपासून वाचायला केलास, आन् पोलिसांचं काम तूच करायलास."

आता कमजोर डिस्कवरूनच सगळं नवीवर उतरत होतं; सकाळची दुपार झाली. आकडा चढायचा, थांबायचा. थांबला की कमजोर डिस्कमधून खरवडल्यासारखा आवाज यायचा. एकदा वीज गेली. इन्व्हर्टर लागेपर्यंत अक्कानं माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. मला वाटत होतं, आतमध्ये म्हातारी आहे आणि मी दार बंद केलंय.

संध्याकाळी काम संपलं. बाकीच्या साक्षी चालल्या. शेवटी तिची लावली. डोक्यावर पदर, मागं पडकी भिंत. "माझा हात धरलाय त्यानं," ती सांगते, "त्यो माणूस म्हंजे..." आणि चित्र थिजतं. पुढं काही नाही. भाईनं दोन दिवस खटपट केली, तरी नाही.

तिचा हात धरणाऱ्या त्या साहेबाचं नाव मला ठाऊक आहे. मी सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट. तिनं सांगितलं असतं तर साक्ष.

आता तुम्ही, हे वाचणारे. त्या सकाळी गायरानाच्या कडेला बघे उभे होते, कितीतरी हातांत मोबाईल होते; कुणाच्या तरी चित्रणात तो हात धरणारा असेल. तुम्ही त्यांतले असाल तर ते चित्रण काढा. आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा, एक घरी, एक भरवशाच्या माणसाकडे. मग आमच्याकडे आणा, याच आठवड्यात.