तलाव आणि तहकूब सभा

रोज सकाळी ऑफिसात आल्यावर आत्या आधी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायची. “आहे जीव,” म्हणायची आणि ठेवून द्यायची. मग दिवसभर तो क्वचितच वाजायचा.

महापालिकेच्या जिन्याखालच्या त्या खोलीला गुंतवणूकदार कक्ष म्हणत. शहराच्या कामांत खासगी पैसा आणायचा, हे आत्याचं काम. पाहुण्यांसाठी आणलेल्या सोफ्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. शिपाई म्हणायचा, “बाई, सोफे लग्नाचे राहिलेत.”

“माझ्यासारखेच,” आत्या म्हणायची, आणि दोघं हसायचे.

येणारे येत, चहा पीत आणि फिरून फिरून तेच विचारत: आज ठरलेला दर उद्या नवी माणसं निवडून आल्यावर बदलणार नाही कशावरून? आत्या आणखी एक चहा मागवायची.

तिला स्वतःला मात्र एक काम मनापासून व्हायला हवं होतं. पोहण्याच्या तलावाचं. चाळिशीत ती तिथे पोहायला शिकली होती. दुपारी बायकांची वेळ असायची. तिच्या मैत्रिणी म्हणजे त्या पाण्यातल्याच. तलाव बंद पडला, फरश्या निखळल्या. “आता रस्त्यात भेटल्या तरी साडीत ओळखूच येत नाहीत गं,” ती म्हणायची.

शेवटी एक व्यावसायिक तलाव चालवायला तयार झाले. शिपायाने त्यांचं नाव गॉगलवाले ठेवलं. त्यांची अट एवढीच, की तिकिटाचा दर महापालिकेच्या सभेने आधी मंजूर करावा. विरोध कुणाचाच नव्हता. पण सभेची जुनी रीत अशी, की कुणी माजी सदस्य वारला तर सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं आणि कामकाज पुढच्या महिन्यावर टाकायचं. एका सभेला एक गेले, पुढच्या सभेला दुसरे.

“बाई, तुमची विषयपत्रिका यमराज काढतात का?” गॉगलवाल्यांनी विचारलं. “या महिन्यात झालं तर ठीक. नाहीतर मी दुसऱ्या शहरात पैसे लावतो.”

त्या महिन्याच्या सभेच्या सकाळी आत्याचा फोन वाजला. एका म्हाताऱ्या माजी सदस्यांची शेजारीण बोलत होती. “पहाटे गेले हो. वरचा, सचिवांचा फोन लागत नाही, म्हणून तुम्हाला केला. त्यांचं कुणीच नाही, कळवू तरी कुणाला?”

सभा सुरू व्हायची होती. तलावाचा विषय पहिलाच होता. दारातल्या शिपायाने सगळं ऐकलं.

“तासभर गप्प बसा, बाई. गेलेला माणूस कुठे पळून जातोय?”

आत्या खुर्चीत बसली. जरा वेळाने उठली, जिना चढली आणि सचिवांना सांगून आली. सभागृह उभं राहिलं. सभा तहकूब झाली. गॉगलवाले दुपारीच निघून गेले.

“कशाला सांगितलंस?” संध्याकाळी घरी मी तिच्यावर चिडले.

“त्यांच्यासाठी उभं राहायला दुसरं होतं कोण?” ती म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

पुढे ती निवृत्त झाली, घरात एकटीच असायची. मी शिकायला या शहरात आले. गॉगलवाल्यांनी तलाव इथेच बांधला; संध्याकाळी मी तिथे पोहायला जाते. आत्या फोनवर खोदून खोदून विचारायची: पाणी गार असतं का, बायका येतात का, एकमेकींशी बोलतात का. झोपेतच गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळीही तिने हेच सगळं विचारलं. मग म्हणाली, “बरं, ठेवते. आणि केस नीट पूस गं, ओल्या डोक्याने झोपू नकोस.”