तापीच्या दोन तारा

जीवराम नानांच्या गिटारच्या सहाही तारा हेमांगीने स्वतःच्या हाताने उतरवल्या, तेव्हा नाना ओट्यावर तिरडीवर होते आणि त्यांना उचलायला दहाएक मिनिटं राहिली होती.

सकाळी सव्वासातला तिला चिंधा आबांचा फोन आला होता. आबा म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, जन्मभर त्यांच्या साथीला ढोलकी वाजवणारे. "नाना गयात," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. हेमांगी जळगावात एका पाइपच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. सुपरवायझरला मेसेज टाकून तिने मिळेल ती बस धरली. एरंडोल, पारोळा, प्रत्येक स्टँडवर बस थांबत होती आणि प्रत्येक स्टँडवर तिला वाटत होतं की आपल्याशिवाय नेतील. देवपूरच्या गल्लीत ती पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. नेलं नव्हतं. तिच्यासाठीच थांबले होते.

आबांनी आतून गिटार आणली आणि तिच्या पुढ्यात धरली.

नानांचे वडील बँडमध्ये होते, आजोबा सनई वाजवायचे. त्या घरात एक रीत होती. वाजवणारा गेला की तो उंबरा ओलांडायच्या आत त्याच्या वाद्याचा ताण उतरवायचा. तार असो, कातडं असो, सैल करायचं. नाही केलं तर माणूस त्या ताणात अडकून राहतो, असं म्हणत. वडील गेले तेव्हा आबांनी त्यांचा ताशा उतरवला होता. आता स्वतःची ढोलकीही त्यांनी कड्या सरकवून सैल करून ठेवली होती. नानांसोबतच वाजलेली, म्हणून तीही.

"आते तू उतार, बेटी," आबा म्हणाले. "पोरगं नई शे त्यासले. हक तुना शे."

हेमांगीने खुंट्या फिरवल्या. बारीक तारेपासून सुरुवात केली. एकेक तार खाली येताना बारीक कुरकुरत होती. तिचं लक्ष नानांच्या हाताकडे होतं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं चाळीस वर्षांच्या तारांनी घट्ट झालेली, त्यावर कुणीतरी हळद लावली होती. तिने एकदाही तार छेडून पाहिली नाही. सहा तारा लोंबू लागल्या तेव्हा आबांनी गिटार भिंतीला टेकवली, आणि चौघे जण पुढे झाले.

*

धुळ्यात नानांना 'हवाईवाले' म्हणत. पोटाला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपाच्या मोटारी यायच्या, नाना काळी पडलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचे. तार किती ओढून घ्यायची ते बोटाला कळायचं, मीटर नंतर. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. लग्नात, गणपतीत, साक्री-शिरपूरच्या यात्रांत ते गिटार मांडीवर आडवी घेऊन लोखंडी दांडी तारांवरून सरकवत गाणी वाजवायचे. एका लग्नात निवेदकाने 'हवाईयन गिटारवादक' म्हणून नाव पुकारलं तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, "हवाईवाला शे, मंग तुनं इमान कोठे उभं करं?" नाना ही गोष्ट स्वतः सांगत आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसत.

मग कीबोर्ड आला. एका पेटीत सगळी वाद्यं मावली आणि ऑर्केस्ट्रातून नानांची खुर्ची गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी जळगावच्या माणकचंद शेठांच्या कापसाच्या जिनिंगची मोठी मोटार जळाली. ऐन हंगामात. नानांनी दीड दिवसात ती उभी केली. शेठ खूश झाले आणि पैशांसोबत त्यांनी एक कॅसेट दिली. त्यांचे मेहुणे अमेरिकेला जाऊन आले होते. "तुमच्या गिटारच्या गावाहून आली आहे. आम्हाला तर कळत नाही, तुम्ही ऐका."

नानांनी ऐकली आणि त्यांची झोप गेली. त्यात लोखंडी दांडी नव्हतीच. माणूस गिटार नेहमीच्या गिटारवाल्यासारखी उभी धरून नुसत्या बोटांनी वाजवत होता, पण तारा वेगळ्याच बोलत होत्या. खोल, सैल, उन्हात पाय पसरून बसल्यासारख्या. तारा मुद्दाम उतरवून, ढिल्या करून लावल्या आहेत एवढं त्यांना समजलं. कोणती किती, हे सांगणारं धुळ्यात कोण होतं? दुकानातल्या टेपवर ती कॅसेट घासली जाईपर्यंत ते ऐकत राहिले आणि मोटारीच्या तारेसारखं एकेका तारेला बोटाने अजमावत राहिले. गल्लीत लोक म्हणत, हवाईवाल्याचं डोकं फिरलं. लागलेली गिटार बिघडवतो आणि मग वाजवतो.

सहा वर्षांत त्यांनी स्वतःच्या चार लावण्या बसवल्या. लावणी म्हणजे सहा तारा कुठे कुठे उतरवायच्या त्याची ठेवण. कॅसेटमधली त्यांतली एकही नसेल कदाचित. त्यांना नावं दिली नद्यांची. थोडी ढिली ती पांझरा. त्याहून उतरलेली बोरी. मग गिरणा. आणि सगळ्यांत खाली तापी.

हेमांगी त्यांच्याकडे पोचली ती डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी, मोटारीची माहिती घ्यायला. आतल्या खोलीतून गिटार ऐकू आली आणि प्रोजेक्ट बाजूला राहिला. नंतर नोकरीला जळगावला गेली तरी अकरा वर्षं दर रविवारी बसने येत राहिली. तिच्या आईला ते पटायचं नाही. इतक्या भाड्यात तर घरात एक फ्रिज आला असता, असं ती म्हणे.

तीन लावण्या नानांनी तिला दिल्या. लिहून नाही, कानाने. तापी मात्र राखून ठेवली. ती वाजवायची वेळ पहाटेची, नानांच्या पत्नी धुरपदाबाई अंगणात सडा टाकत तेव्हाची, आणि हेमांगी त्या वेळी जळगावात. दोन-चारदा मुक्कामी असताना तिने ती ऐकली, तेव्हाही नाना तिच्याकडे पाठ करून बसायचे. तिने नेटवर वाचलं होतं की तिकडच्या हवाई बेटांवरही घराणी आपापल्या लावण्या अशाच लपवून ठेवत, परक्यासमोर तारा उतरवून मगच गिटार खाली ठेवत. हे सांगितल्यावर नाना चकित झाले. मग म्हणाले, "म्हणजे तिकडली माणसंबी आपलीच शेतस." आणि वर, "आखाजीले देसू तुले. तिन्ही नद्या आल्या, मग तापी कोठे जाई?"

नाना गेले तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून सव्वा महिना होता.

*

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर धुरपदाबाईंनी हेमांगीला जवळ बसवलं. अक्का म्हणायची ती त्यांना. म्हणाल्या, तेराव्याला भजनी मंडळ येणार, पाहुणे येणार, ते सगळं त्यांचं. मला एकच पाहिजे. त्यांची सकाळची चाल तू वाजव. गेले त्या दिवशीही वाजवली त्यांनी. वाजवली, गिटार खुंटीला टांगली, चहा टाक म्हणाले, आणि चहा होईपर्यंत संपलं.

हेमांगीची नजर भिंतीला टेकलेल्या गिटारकडे गेली.

गिटार त्या दिवशी तापीत लावलेली होती. सहाच्या सहा तारा जागेवर होत्या. ती पोचली तेव्हाही होत्या. नुसतं एकदा बोट फिरवलं असतं, मोबाईल समोर धरून एकेक तार वाजवली असती, तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. रोज पाइपवर दाब देऊन तो कुठे फुटतो ते नोंदवणारी ती. मोजल्याशिवाय कुठल्याच वस्तूला हात न लावणारी. आणि नानांनी जगात एकाच ठिकाणी लिहून ठेवलेली गोष्ट तिने दहा मिनिटांत पुसली होती.

अक्कांना ती "हो" म्हणाली.

जळगावला परतल्यावर तिने सगळं शोधलं. सोबत आणलेल्या नानांच्या वह्यांत मोटारींचे आकडे होते, गिटारचा एक शब्द नव्हता. शेवटी माणकचंद शेठांच्या नातीने, पलकने, स्वतःच्या साखरपुड्याचा व्हिडिओ पाठवला. शेठांच्या आग्रहामुळे नानांनी तिथे सगळ्यांदेखत तापी वाजवली होती. पन्नास सेकंदांचा तुकडा, मागे भांड्यांचा आवाज. हेमांगीने तो कॉम्प्युटरवर टाकला, आवाजाच्या रेघा वेगळ्या केल्या. वरच्या चार तारा सापडल्या. त्या रात्री ती पोटभर जेवली. खालच्या दोन जाड तारांच्या जागी मात्र मंडपाच्या जनरेटरची घरघर होती, नेमकी त्याच पट्टीत, जाड, सलग. ती गाळली की तारही गळून जाई. पाच दिवस तिने तऱ्हेतऱ्हेने गाळून पाहिलं. आणि तापीचा सगळा जीव त्या दोन तारांत होता. चाल वर चालायची, पण पाणी खाली वाहायचं.

तेव्हा तिला ढोलकी आठवली. आबा ढोलकीचा धुम, म्हणजे तिची खर्जाची बाजू, नेहमी नानांच्या सगळ्यांत जाड तारेशी जुळवून घेत. तिने तिथूनच फोन लावला. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उतारी टाकी ना बेटी," ते म्हणाले. "तुन्या आगोदर मीच उतारी." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तापी गयी का?"

आबांनी फोन ठेवला. सबंध आयुष्यात त्यांनी पाळलेली वाद्य उतरवायची ती एकच रीत असेल.

*

बाराव्या दिवशी दुपारी ती गिटार घेऊन अक्कांसमोर बसली आणि तिने खरं ते सांगितलं. अक्का, चार तारा आहेत, दोन नाहीत, त्या मीच घालवल्या.

अक्कांना आधी समजेना. समजल्यावर त्या रागावल्या नाहीत, उलट त्यांना धीर आला. म्हणाल्या, एवढंच ना? तीस वर्षं रोज ऐकलंय मी. तू लाव, मी सांगते.

हेमांगीने शक्य त्या सगळ्या जोड्या कागदावर मांडून आणल्या होत्या, बारा. पहिली लावून तिने चाल वाजवली. अक्का भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. "नई. हाई नई शे." दुसरी. नाही. तिसरीला त्यांनी हातानेच थांबवलं. चौथीला म्हणाल्या, "हाई ते रडस. त्यासनी रडे नई." हेमांगी पुढे सरकून बसली. म्हणजे अक्कांना खरंच आठवतंय. पाचवी, सहावी. प्रत्येक वेळी तारा पुन्हा लावायच्या, जुन्या तारा, खुंट्या गंजलेल्या. सातवीला तिच्या बोटाचं कातडं सोललं. तिने पदराने पुसलं आणि वाजवलं. आठवी. अक्कांनी आता डोळे उघडले होते.

नववी वाजली आणि अक्का म्हणाल्या, "हां. हाईच शे."

हेमांगीला रडू फुटलं. नानांना नेताना आलं नव्हतं ते आत्ता आलं. अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं.

मग तिच्यातल्या टेस्टिंगवालीने मान वर काढली. एकदाच पास झालेलं ती कधी पास धरत नसे. पाणी पिऊन तिने दोन तारा फिरवल्या, काही न बोलता, आणि चौथी जोडी लावली. ती रडणारी. चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

"हां," अक्का म्हणाल्या. "हाईच. आते बरोबर शे."

त्यांची नजर गिटारवर नव्हती. हेमांगीच्या बोटांवर होती.

"अक्का, नीट आठवा ना."

"बेटी, हाईच शे. आते तू जेव."

त्या आत जाऊन पोळ्या करायला बसल्या. हेमांगी कागद पुढ्यात घेऊन बसून राहिली. पहिल्या आठ नकारांतले किती खरे होते तेही आता सांगता येणार नव्हतं. कुठल्या तारेपाशी अक्कांचं आठवणं थांबलं आणि हिची दया येऊ लागली, ती जागा मोजायचं कुठलं यंत्र नव्हतं. आत पोळपाटावर लाटण्याचा आवाज येत होता.

गिटारवर चौथी जोडी होती. ती बदलायला कुठलं कारण उरलं नव्हतं, ठेवायलाही नव्हतं. तशीच राहिली.

तेराव्याला मंडप भरला. भजन झालं, मग आबांनी हेमांगीचं नाव घेतलं. तिने तापी वाजवली. पहिल्या ओळीलाच जुने ऑर्केस्ट्रावाले माना हलवू लागले. कुणी तरी म्हणालं, एकदम नाना, डोळे मिटले तर फरक सांगता येणार नाही. अक्का बायकांत खाली मान घालून बसल्या होत्या. आबांनी ढोलकी घेतली नव्हती. समोर सात-आठ मोबाईल वर झाले होते, प्रत्येकाचा लाल ठिपका चालू. आज मंडपात जनरेटर नव्हता. आवाज अगदी स्वच्छ येत असणार, खालच्या दोन तारांसकट.

तिचे हात चालत राहिले. चाल अजून अर्धी बाकी होती.