मोरीवरचा मुकादम

वंदनेची दहा मिनिटं सोडली, तर मुकादमांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं. खुर्ची पुढं केली की म्हणायचे, "राहू द्या बाबू, बसला का मानूस मागं राह्यते." हे म्हणतानाही ते फलाटावरून चालतच असत. त्यामुळे वाक्याची सुरुवात तिकीटखिडकीशी आणि शेवट पाण्याच्या रांजणाशी जाऊन ऐकावा लागे.

सेलूच्या अलीकडे तेव्हा रेल्वेचा एक नवा फाटा टाकला होता. त्याच्यावरच्या नव्या स्टेशनात मी नवा तिकीटबाबू. सगळंच नवं होतं. जुना काय तो माझा धांदरटपणा, तो मी घरून बांधून आणला होता. मुकादम रूळ टाकणाऱ्या गँगचे प्रमुख. पन्नाशी गाठलेली, अंगानं वाळलेल्या बाभळीसारखे. स्टेशनामागच्या झोपडीत बायको आणि चौथीत शिकणारी मुलगी.

दिवस उजाडायच्या आत ते लाइनवर निघायचे. शंभर पावलं गेले की आडवे व्हायचे, गाल रुळाला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि दूरवर पाहत राहायचे. रूळ कुठं दबला, कुठं सरकला, हे त्यांना तसं कळे. मीही एकदा गाल टेकवला. लांबवर मला काहीतरी दिसलं.

"एकदम सरळ," मी म्हणालो.

"बकरी हाय ते," मुकादम म्हणाले.

फेरी आटोपली की हातपाय धुऊन वंदना. दीक्षा घेऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. झोपडीच्या भिंतीला तथागतांची तसबीर, दोन उदबत्त्या, आणि समोर घरचे तिघं व गँगमधले चार जण गुडघ्यांवर. पाली शब्दांत मुकादम अडखळले की मुलगी पुढचा शब्द पुरवी. मला ते म्हणाले होते, "बाकीची शीलं जमतात बाबू. खोटं बोलू नोको, हे चौथं भारी हाय. रोज सकाळी नवं घ्या लागते."

फाट्याच्या उद्घाटनाच्या दिवशी मात्र त्यांचं वंदनेतही लक्ष नव्हतं. तोंडानं त्रिशरण चालू आणि मान वळलेली मोरीकडे. मुलीनं सदरा ओढला, "बाबा, हात जोडा ना." ती मोरी, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, स्टेशनापासून अर्ध्या मैलावर. तिच्यावरचा भराव काळ्या मातीचा, आणि आठवड्यापूर्वी अवकाळी पावसानं तो चांगला भिजवला होता. चाचणीचं इंजिन गेलं ते पावसाआधी. मुकादमांनी लाइनीच्या इन्स्पेक्टरला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, उद्घाटन होऊ दे, मग पाहू.

"वरून निजल्यावानी दिसते ते माती," मुकादम मला म्हणाले, "पर आतून जागी हाय."

वंदना झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. मुलीकडून शिकलेल्या मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मोरीवर गाडी मानसाच्या चालीनं न्या. माती भिजेल हाय.'

"बड्या साहेबाच्याच हाती द्यान. मले पोलीस दोरीच्या आत सोडत नाई."

"हे काय सांगणं झालं मुकादम?" मी म्हणालो आणि कागद नव्या कोटाच्या खिशात टाकला.

त्यानंतर मी जो गुंतलो तो हारांत. हार अकरा होते आणि पहिला कुणाला, यावरून सरपंच आणि कापसाच्या जिनचे शेठ यांचं सकाळपासून वाजलं होतं. अल्लीपूरहून आलेले बँडवाले दोघांच्या मध्ये उभे राहून वाजवत होते, म्हणून शब्द तेवढे ऐकू येत नव्हते. शेवटी मी अधिकारवाणीनं म्हणालो, "यादी करतो." खिशात हात घातला, कागद निघाला, मांडीवर ठेवून कोऱ्या बाजूला अकरा नावं लिहिली आणि धावत जाऊन मंचावर बड्या साहेबांच्या हाती दिली. माझ्या तत्परतेवर मीच खूश होतो.

साहेबांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि नावं वाचायला घेतली. कागदाची पाठ आमच्याकडे. त्या पाठीवर, पाचशे माणसांच्या समोर, मुकादमांची मोठमोठी अक्षरं.

दोरीबाहेर मुकादम उभे होते. अक्षर अक्षर जुळवत त्यांचे ओठ हलले आणि चेहरा उजळला. साहेबांच्या हाती कागद आहे, म्हणजे काम झालं. मी दोरीपाशी गेलो.

"मुकादम, साहेबांनी ते वाचलं नाही. ते दुसरी बाजू वाचून राहिले आहेत."

घाबरलो की मी त्यांच्यासारखं बोलू लागे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग जा ना बाबू. तुमी आत हाय. सांगून या."

मंच वीस पावलांवर होता. त्याच्यावर यादी वाचून कागद खिशात घालणारे साहेब, भोवती पाचशे माणसं, आणि चूक माझी. "मी? आत्ता?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मुकादमांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सिग्नलच्या झोपडीतून लाल झेंडी उचलली आणि शेतातल्या आडवाटेनं पळत सुटले. इकडं भाषण संपलं, फीत कापली, पाहुणे हारांसकट डब्यात चढले आणि गाडी हलली. मीही पळालो, पण कोट घालून.

मी पोचलो तेव्हा गाडी मोरीच्या अलीकडे उभी होती. आतले पाहुणे एकमेकांवर आदळले होते आणि शेठचा हार सरपंचाच्या गळ्यात गेला होता. साहेब खाली उतरले होते, लालबुंद.

"कोणाच्या हुकमानं गाडी अडवली?"

"साहेब, तुमच्याच खिशात हाय," मुकादम धापा टाकत म्हणाले. "उलटा करून पाहा."

साहेबांनी कागद काढला, उलटा केला, वाचला. ड्रायव्हरला सावकाश येण्याची खूण केली. मग मुकादम रुळांमधून पुढं चालू लागले आणि मागून इंजिन, दावणीच्या बैलासारखं, त्यांच्या चालीनं. गाडी पार झाल्यावर ते आडवे झाले, गाल टेकवला. "दोन बोटं दबली," ते म्हणाले. "जोरात येती तर..." साहेबांनी वाकून पाहिलं नाही. त्यांच्या पँटला इस्त्री होती.

भराव आठवड्यात दुरुस्त झाला. पण हुकूम नसताना पाहुण्यांची गाडी अडवली, याची चौकशी लागली. मला जबाब लिहायला सांगितला. दोन दिवस मी नुसत्या येरझाऱ्या घातल्या. नोकरी सहा महिन्यांची, घरी माझ्या लग्नाचं चाललेलं. शेवटी लिहिलं: 'कागद वेळेवर साहेबांच्या हाती दिला.' मुकादमांना कुणी विचारलं तेव्हा त्यांनी घडलं तेवढं सांगितलं. यादी कुणी लिहिली, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यांची बदली झाली, दूर, दगडाच्या खाणीवरच्या लाइनीला. मला सजावटीबद्दल शाबासकी मिळाली.

जायच्या दिवशी मी त्यांना जबाब वाचून दाखवला. का दाखवला, देव जाणे. त्यांनी दोनदा ऐकला.

"खोटं नाई लिवलं तुमी," ते म्हणाले. मुलीचं दप्तर उचलून डब्यात ठेवलं आणि मग म्हणाले, "पर बाबू, अशानं झोप येते का तुमाले?"

तेवढ्यात गाडी सुटली. मी फलाटाच्या टोकाला जाऊन पाहत राहिलो. मोरी आता पक्की होती, सावकाश न्यायचा कुठलाही हुकूम नव्हता. तरी ड्रायव्हरनं गाडी माणसाच्या चालीवर आणली. एका डब्यातून मुकादम खाली उतरले, गाडीच्या कडेनं चालत मोरी पार केली, आणि पलीकडे जाऊन पुन्हा चढले.

त्याच दुपारी मी दुसरा जबाब लिहिला, हारांच्या यादीच्या हकिकतीसकट. तीन आठवड्यांनी वरून उत्तर आलं: पहिला जबाब दप्तरी दाखल झालेला असून दुसऱ्याची आवश्यकता नाही.