सगुणची पिकअप आणि तांबडं कूलंट

नव्या गाडीला किस्से नसतात. ती सुरू होते, जाते, परत येते. त्यात सांगण्यासारखं काय? जुनी गाडी मात्र वाटेत थांबते, बॉनेट उघडतं, चार माणसं जमतात आणि प्रत्येक जण काहीतरी बोलतो. असे किस्से साठत जातात. इब्रामपूरच्या आमच्या सगुणची पिकअप म्हणजे तर त्यांचं कोठारच. मी तिचा कायमचा फुकट्या प्रवासी. सगुण रोज सकाळी केळी-भाजी घेऊन डिचोलीच्या बाजाराला जातो, माझी कचेरीही तिथेच. त्यामुळे धक्का मारायला मी असतोच.

गाडी सगुणच्या वडिलांनी घेतलेली. त्याचा तिच्यावर भारी जीव. त्याची बायको शेवंतीवहिनी मात्र कंटाळली होती. एका सकाळी माझ्यादेखत तिने सांगून टाकलं, "आनी एकदा जरी वाटेर तापली, तर सुर्ल्याच्या गिऱ्हायकाक फोन करतलंय."

सुर्ल्याचा हा गृहस्थ खनिजाचे ट्रक चालवून वर आलेला, आणि जुन्या गाड्यांच्या शोधात असायचा. सगुण त्या दिवशी नाश्ता न करताच निघाला.

* * *

गाडी तापायचं कारण सरळ होतं. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घरच्या विहिरीचं पाणी. जे आपण पितो ते गाडीला का चालू नये, असं सगुणचं म्हणणं.

वहिनीने तंबी देण्याआधी एकदा मयेला तळ्याजवळच्या दुकानात केळी टाकायला गेलो आणि तिथेच गाडीने वाफ सोडली. आम्ही भोवती उभे. तेवढ्यात एक टुरिस्ट बाई हातात ग्लास घेऊन आल्या आणि चहाला किती वेळ लागेल म्हणून विचारू लागल्या. सगुण गंभीरपणे म्हणाला, "पाणी उकळलां. चायची पावडर तेवढी हाडूक व्हयी."

* * *

शेवटी डिचोलीच्या बाळू मेकॅनिककडे गेलो. बाळू मूळचा कोल्हापूरकडचा, हात चालू आणि तोंडही. त्याने इंजिन गार होऊ दिलं, खालचा बोल्ट काढला, तर आतून तांबूस गाळ भळभळा बाहेर आला.

"पाणी म्हणायचं व्हय ह्याला?" बाळू म्हणाला. "ह्यात अळू लावा."

मग त्याने समजावलं. नुसत्या पाण्याने इंजिन आतून गंजतं. आधी सगळं धुऊन काढायचं, मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. दोन जातींची कूलंटं मिसळायची नाहीत, आणि ते गोडसर असलं तरी विष असतं, पोराबाळांपासून लांब ठेवायचं. गाडीचं पुस्तक बघून कूलंट आणा म्हणाला, पण पुस्तक वाळवीने कधीच वाचून संपवलं होतं. तेव्हा जात त्यानेच ठरवून दिली.

* * *

दुकानात त्या जातीचं कूलंट दोन कंपन्यांचं निघालं, एक हिरवं, एक तांबडं. दुकानदार म्हणाला, रंगाने काही फरक पडत नाही, कुठलंही एक न्या. बाजारहाटासाठी बरोबर आलेली वहिनी लगेच म्हणाली, "हिरवा घेवा. आमचा दारातला खळा तांबडा, गळला तर दिसतला."

बाईचं डोकं बघून मी गार झालो. सगुणने मान डोलावली, आणि तांबडं घेतलं. बाहेर आल्यावर मी कारण विचारलं, तर हळूच म्हणाला की तिला दिसू नये म्हणूनच.

* * *

बाळूने ते भरलं, उरलेली बाटली घरी मागच्या पडवीत आली. आणि ते गळत होतंच. तांबड्या अंगणात कुणालाच कळलं नाही, सगुणलासुद्धा नाही. एका सकाळी कूलंटची टाकी रिकामी होत आलेली दिसली, तेव्हा घाईघाईत मागच्या पडवीतली तांबडी बाटली उचलून त्याने टाकीत ओतली. गाडी डिचोलीच्या अलीकडे तापली ती तापलीच. कशीबशी बाळूकडे पोचवली. त्याने झाकणाजवळ नाक नेलं, डोळे मिटले आणि विचारलं, "भात आन् मासळी कुठं ठेवलीया?"

सोलकढीसाठी काढून ठेवलेलं कोकमाचं आगळ होतं ते.

वहिनीपासून लपवायचं आमचं ठरलं होतं. पण संध्याकाळी ती आगळ शोधायला लागली. मग कूलंटची खरी बाटली पडवीतून कुलपाच्या कपाटात गेली आणि फोन सुर्ल्याला गेला.

* * *

इकडे बाळूने ईर्ष्येने काम केलं. फाटका पाइप बदलला, आतलं सगळं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, नवीन कूलंट भरून हवा काढली. इंजिन एका लयीत चालायला लागलं. सगुणला वाटलं, गाडी आता वाचली.

सुर्ल्याचा गिऱ्हाईक आला. भर उन्हात, मागे केळी भरून, गावाबाहेरच्या चढणीवर त्याने गाडी घातली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तो खाली उतरला, बॉनेटवर थाप मारली आणि आजच नेतो म्हणाला. इतकी चांगली जुनी गाडी त्याला आजवर मिळाली नव्हती.

सगुण टायरकडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. वहिनी मात्र बराच वेळ त्याच्याकडेच बघत होती. मग म्हणाली, आधी देवाला विचारू.

* * *

आमच्याकडे मोठं काही विकायचं झालं तर देवाचा कौल घेतात. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर कर, डावी पडली तर नको. गिऱ्हाईक बाहेर चपला काढून थांबला. आम्ही आत.

गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्यांची गाडी घडये घडये तापता, घरात सगळ्यांका त्रास. तर ती विकूची काय, कौल दी."

"व्हय महाराजा," आम्ही म्हणालो.

मूर्तीवरून पाणी ओघळलं आणि पाकळी पडली. उजवी.

सगुणने डोळे मिटले. गुरव प्रसादाची ती पाकळी उचलायला वाकला, तेवढ्यात शेवंतीवहिनीने पदर खोचला आणि पुढे झाली.

"देवाक जुनी खबर आसा," ती म्हणाली. "गाडी आता तापणा नाय म्हणान सांग तेका, आनी परत पाकळी लाय."