वासाचा पुरावा

"तांड्यातली ना तू? मग तुले दारू विकत कायले घ्या लागते!"

मालकाच्या वकिलानं हे भर सुनावणीत म्हटलं. खोली हसली. कारकून हसला, दाराशी उभा असलेला शिपाई हसला. माझा स्वतःचा वकीलही ओठ दाबून हसला, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. निकाल देणारे साहेब तेवढे हसले नाहीत. पण त्यांनी वकिलाला थांबवलंही नाही.

मी उजवा हात पदराखाली धरून उभी होते. त्या हाताला आता अंगठाच आहे. बोटं महागाव रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. नुकसानभरपाईचा दावा माझा, आणि आरोपीसारखी उभी मीच. मालकाचं म्हणणं एवढंच, की बाई पिऊन कामावर आली म्हणून हात गेला. कामगार नशेत होता असं ठरलं की मालक सुटतो. पुरावा काय? दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरनं लिहिलं होतं, अंगाला दारूचा वास.

वास येत होता. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी रेच्यात कापूस अडकला. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. ते बंद करूनच अडकलेला कापूस काढायचा, असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. सुपरवायझरचा नियम वेगळा. मशीन बंद केली तर बाई घरी. वरची जाळी केव्हाच काढून ठेवलेली. मी हात घातला. पुढचं सगळं नीट आठवत नाही. कापूस लाल झालेला आठवतो. बायांचा कालवा आठवतो. सुपरवायझर धावत आला ते आठवतं. त्यानं आपल्या मोटरसायकलच्या डिक्कीतून बाटली आणली आणि माझ्या हातावर उपडी केली. "आता पिकत नाही," म्हणाला. नुसती आग झाली. पदर भिजला, सगळी साडी भिजली. मी ओरडत होते आणि ओरडता ओरडता त्याला म्हणत होते, "भाऊ, लय उपकार झाले तुमचे."

हा भाऊ दवाखान्यात माझ्या शेजारी उभा होता. डॉक्टरनं नाक मुरडलं आणि वास लिहून टाकला. भाऊ गप्प. एवढं रक्त वाहत होतं, त्यातला एक थेंब कोणी तपासायला घेतला नाही.

सुनावणीत मी हे सांगितलं. साहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मले काही माहीत नाही साहेब. मी तर दारूले हात बी लावत नाही." त्यावर कोणी हसलं नाही.

माझ्या आधी ही गोष्ट तांड्यावर पोचली. हापशीवर बाया बोलता बोलता थांबायला लागल्या. लेकीला बघायला पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. निरोप आला, मायच पेते म्हणे. माझी सासू एके काळी मोहाची गाळायची, हे खरं आहे. पोलिसांनी तिची मडकी फोडली, त्याआधी हप्ताही त्यांनीच नेला. मी आयुष्यात तोंडाला लावली नाही. पण सासूनं गाळली त्याचा माझ्या बोटांशी काय संबंध? सुपरवायझरच्या डिक्कीत बाटली असली तर तो शौक. आमच्या तांड्याचं नुसतं नाव निघालं की गुन्हा. या न्यायाची मला चीड येते. आजही येते.

मग राज्यानं असे दावे तपासायचा कायदा बदलला. लेक कॉलेजात जाते. तिनं मोबाईलवर वाचून दाखवलं. "याडी," ती म्हणाली, आम्ही आईला याडी म्हणतो, "आता नुसत्या वासावर चालत नाही. तू पेली होती हे मालकालेच सिद्ध करा लागते. रक्ताच्या तपासणीवर." मला वाटलं, कोणीतरी माझीच गोष्ट ऐकून हे लिहिलं. डाव्या हातानं चहा ठेवला आणि गूळ जरा जास्तच टाकला.

पुढच्या तारखेला माझ्या वकिलानं तो कायदा वाचला. मालकाचा वकील खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"हे नव्या अपघातांसाठी आहे साहेब. बाईचा हात जुना आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढची तारीख दिली. हात जुना! म्हणजे आता जिचा तुटेल ती खरी, आणि माझा आधी तुटला म्हणून मी दारुडी.

बाहेर सुपरवायझर लिहिलेला कागद घेऊन उभाच होता. "ताई, मालक दयाळू हायेत. थोडी घेतली होती, चूक झाली, एवढं कबूल करा. उद्याच पैसे देतात." माझा वकील म्हणाला, "घेऊन टाका. कायले ताणता?" सुपरवायझरनं शाईचा पॅड उघडला आणि माझा डावा हात मनगटाला धरला. उरलेला हातसुद्धा यांनाच पाहिजे होता.

मी हात हिसकला. "सातवी शिकली मी. सही येते मले. पण ह्याच्यावर नाही करत. बाटली तुह्या डिक्कीतली होती."

"हळू बोला ताई."

"काहून हळू? आत सारे मोठ्यानं हसले ना?"

व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. त्यानं पॅड मिटला. त्याला भाऊ म्हणणं मी तिथंच सोडलं.

हंगाम लागला की आता मी जिनिंगच्या फाटकाशी उभी राहते. चौकीदार हाकलतो, मग रस्त्याच्या पलीकडे उभी राहते. कामावर जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, "हात मशीनमध्ये सापडला तर अंगावर कोणाले काही ओतू देऊ नोको. डॉक्टरले म्हण, आधी रक्त घे." काही जणी ऐकतात. काही जणी मला बघून रस्ता बदलतात. मी उभीच राहते.

सुपरवायझरला साक्षीला पुन्हा उभं करा, असा अर्ज दिला आहे. वकील तयार नव्हता. मीच डाव्या हातानं लिहिला. या वेळी प्रश्न मी विचारणार. पदराखालचा हात बाहेर काढून, त्याच्या तोंडासमोर धरून विचारणार, बाटली कोणाची होती? भरपाई मिळो न मिळो, माझ्या नावापुढे दारू लिहून हे प्रकरण मी बंद होऊ देणार नाही. त्या खोलीत ज्याला हसायचं असेल, त्यानं तेव्हा हसून दाखवावं.