खरवडीची अंडी

अंडं फोडायच्या आधी ती ते कानाशी धरून हलवायची. डोळे मिटून क्षणभर ऐकायची आणि म्हणायची, "गप हाय. चालंल." आत काही डचमळलं तर तिच्या भाषेत ते अंडं 'बोललं', आणि बोललेलं अंडं कधी तव्यावर गेलं नाही. दोन अंडी असोत की दहा, एकेकाची अशी हजेरी व्हायचीच. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या सवयीला आपण आधी हसतो आणि मग ती सवय आयुष्यभर आपल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा औरंगाबादला जालना रोडवर, चिकलठाण्याच्या पुढं, एका कारखान्याच्या गेस्ट हाउसवर मी सुपरवायझर होतो. वय पंचवीस, गाव गंगापूरकडचं, घरी कापूस आणि ऊस. सुपरवायझर हा शब्द मोठा होता. काम म्हणजे चादरी, किल्ल्या, पाहुण्यांचं रजिस्टर आणि प्यायचं पाणी. माझ्या हाताखाली माणूस एकच, ती. म्हणून ती मला 'मुकादम' म्हणायची. करमाडच्या पलीकडल्या वाडीवरून जीपनं यायची आणि सकाळी सहाला दारात चपला काढता काढता ओरडायची, "मुकादम, तुझी फौज आली रं!"

सगळे तिला मावशी म्हणत. धनगराघरची बाई. नवरा मेंढ्या घेऊन रानोमाळ, आणि ही गॅसच्या शेगडीपुढं. पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. हात इतके भाजलेले की गरम तवा फडक्याशिवाय सरकवायची.

त्या वर्षी कारखान्यात एक मोठं मशीन बसत होतं आणि ते बसवायला एक जर्मन इंजिनियर तीन महिने आमच्याकडं राहायला आला. दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच. मावशीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव उंटसाहेब ठेवलं. तिचं आमलेट तो दोन दिवस मुकाट्यानं खात होता. तिसऱ्या दिवशी चीजचा डबा घेऊन थेट स्वयंपाकघरात आला, हातवारे करून तिला बाजूला हो म्हणाला आणि स्वतःच शेगडीपुढं उभा राहिला.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. आपल्या शेगडीपुढं परका माणूस तिला सोसवत नव्हता. त्यानं बिडाच्या तव्यावर तेल न घालता किसलेलं चीज पसरलं. ते वितळलं, त्याला बुडबुडे आले, कडा तांबूस व्हायला लागल्या. मग त्यावर दोन अंडी फोडली आणि झाकण ठेवलं. थोड्या वेळानं उलथनं घातलं तर खाली तपकिरी, कुरकुरीत जाळी आणि वर थरथरणारे दोन पिवळे बलक.

मावशीनं कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "अगं बया," ती म्हणाली, "ही तर खरवड!"

दुधाच्या भांड्याच्या बुडाशी लागलेली खरवड तिनं लहानपणापासून भावंडांशी भांडून खाल्लेली. नुसतं चीज तिला साबणासारखं लागायचं, पण तव्यावर करपायच्या बेतात आलेलं तेच चीज तिच्या ओळखीचं निघालं. दुसऱ्या दिवसापासून उंटसाहेबाला शेगडीपाशी येऊ दिलं नाही. आठवडाभरात तिची जाळी त्याच्या जाळीपेक्षा पातळ यायला लागली. तो खाऊन झाल्यावर ताट वर धरून तिला दाखवायचा. ती म्हणायची, "व्हय व्हय, बघितलं. ठेव खाली."

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते.

आमच्याकडं टँकरचं पाणी यायचं. पाहुण्याचं पाणी मोठ्या पातेल्यात उकळून, गार करून बाटल्यांत भरायचं, हे काम माझं. मावशी दुपारी घरी जायची. पाणी मी नंतर उकळायचो. एका शनिवारी मला गंगापूरला जायचं होतं. रविवारी मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला होता. जीप सुटायला आली होती. पाणी उकळून गार व्हायला दोन तास लागले असते. मी टाकीच्या नळाखाली बाटल्या धरल्या, भरल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या आणि निघालो. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नाही.

रविवारी पहाटेच उंटसाहेब दोन बाटल्या घेऊन वेरूळला गेला. सोमवारी सकाळी मी परत आलो तेव्हा मावशी शेगडीपाशी होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "शनवारी मी पातेलं घासून पालथं घातलं व्हतं. काल आले तर तसंच पालथं. कोरडं ठाक. पानी कशात उकळलंस?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"फ्रीजातल्या बाटल्या मी काल ओतून दिल्या," ती म्हणाली. "नवं पानी उकळून भरलं. पर दोन त्यानं नेल्या व्हत्या."

तेवढ्यात तो नाश्त्याला आला. चेहरा मेणासारखा पिवळट. मावशीनं अंडी वाढली. त्यानं अर्धं खाल्लं, उठायला गेला आणि टेबल धरून खाली बसला. मग जमिनीवरच पडला. मी त्याला उचलायला धावलो. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं.

दवाखान्यात सलाइन लागली. डॉक्टर म्हणाले, "खाण्यापिण्यातून झालंय." मी 'पिण्या' ऐकलं. आमच्या मॅनेजर साहेबांनी 'खाण्या' ऐकलं. मशीन अर्धं उघडं पडलेलं, वरून फोनवर फोन. त्यांना दुपारच्या आत एक कारण हवं होतं, आणि टेबलावर अर्धी खाल्लेली अंडी होती. बलक कच्चा होता हे त्याला कारखान्यात न्यायला आलेल्या ड्रायव्हरनंही पाहिलं होतं.

दुपारी त्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. "मावशी, यावर सही करा."

मावशीला सही यायची, पण टाइपातलं वाचायला वेळ लागायचा. तिनं कागद उचलून माझ्यापुढं धरला. "मुकादम, वाचून दाखव."

मी वाचलं: माझ्या निष्काळजीपणामुळे अंडी कच्ची राहिली व पाहुण्यांची प्रकृती बिघडली, ही चूक मला मान्य आहे. दोनच ओळी होत्या. वाचताना मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. पंख्याखाली कागदाचा कोपरा फडफडत होता.

"झालं वाचून?" मावशीनं विचारलं.

"हो."

"आजून काय सांगायचं ऱ्हायलं का?"

ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना आपण थांबतो ना, तशी ती थांबली होती. साहेबही बघत होते, पण त्यांना वाटलं ती अजून ओळी आहेत का असं विचारते आहे. घरी आदल्याच दिवशी मुलीकडच्यांनी विचारलं होतं, नोकरी पक्की आहे ना. मी म्हणालो, "नाही. एवढंच आहे."

मावशीनं कागद माझ्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं. "ह्ये मी लिव्हलेलं नाय. मी सही करनार नाय."

"मग उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं तवा घासला, पुसला, खिळ्याला अडकवला. मी दारात उभा होतो. माझ्या अंगाला अंग न लागू देता ती बाहेर पडली.

पाच दिवसांनी उंटसाहेब परत आला. पँट कमरेवर गोळा झालेली. सकाळी मी स्वतः अंडी करायला घेतली. रोज बघत होतो, म्हटलं येईल. चीज एकीकडं काळं पडलं, दुसरीकडं रबरासारखं राहिलं, बलक फुटून सगळीकडं पसरला. त्यानं ताटाकडं पाहिलं, नुसता चहा घेतला आणि विचारलं, "मावशी?" एवढाच मराठी शब्द त्याला यायचा.

"गावाला गेलीये," मी हिंदीत, इंग्रजीत, हातवाऱ्यांनी सांगितलं. हे दुसरं खोटं. पहिलं म्हणजे ऑफिसातलं 'एवढंच आहे'; कागदापुरतं ते खरंच होतं, म्हणून मला ते खोटं वाटत नव्हतं. हे दुसरं मात्र तोंडातून निघताना स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी करमाडला गेलो. तिथून वाडीवर पायी. वाटेत काय बोलायचं ते घोळवत होतो; दर बांधावर वाक्य बदलत होतं. मावशी मेंढ्यांच्या वाड्याच्या काट्या सारख्या करत होती. मेंढ्या रानात गेलेल्या, आत फक्त दोन कोकरं.

"मावशी, चूक माझी होती," मी म्हणालो. "पाणी मी उकळलं नव्हतं."

"मला कशाला सांगतूस? मला म्हाईतच हाय," ती काटी ठोकत म्हणाली. "ज्याला म्हाईत नाय त्याला सांग."

"तू का नाही सांगितलंस तिथं?"

ती थांबली. "मी सांगितलं असतं तर तू नाय म्हनला असतास. मग म्या काय केलं असतं? तुझं तोंड धरून उघडलं असतं?" मग जरा वेळानं, "पोरगी पसंत पडली का?"

मी मान हलवली.

"तिला सांगितलंस का ह्ये?"

"नाही."

"सांग. आधी साहेबाला, मग तिला. उलटं नको करू." आणि तिनं मला लोटीत ताक दिलं. मी उभ्यानंच प्यालो.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी साहेबांच्या दारात होतो. सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "लिहून दे." मी हातानं लिहिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवलं. "गेस्ट हाउसच्या किल्ल्या दे. उद्यापासून स्टोअरच्या गेटवर." नोकरी गेली नाही. गेली असती तर बरं वाटलं असतं की वाईट, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मुलीलाही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईंना परत घेतलं का?" पुढं आमचं लग्न झालं.

साहेबांनी मावशीकडं ड्रायव्हर पाठवला. तिनं निरोप दिला की साहेब स्वतः नाश्त्याला असतील तर येईन. साहेब चिडले, पण त्यांना मशीन चालू करून घ्यायचं होतं आणि उंटसाहेब रोज तोच एक शब्द विचारत होता.

ती आली. मला किल्ल्या आणि सामान नव्या माणसाकडं सोपवायचं होतं म्हणून मीही तिथंच होतो. तिनं दारात चपला काढल्या, पण हाक मारली नाही. चार अंडी एकेक करून कानाशी धरली. चीज किसलं. तव्याचा आवाज सुरू झाला. तिनं दोन ताटं केली. एक उंटसाहेबापुढं ठेवलं, एक साहेबांपुढं. बलक तसेच थरथरत होते.

"आधी तुमी खा, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग ताटाकडं. उंटसाहेब चमचा हातात धरून थांबला होता. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं. साहेबांनी तुकडा मोडला. जाळी कुरकुरली. बलकात बुडवून खाल्ला.

"कच्चं हाय का?"

"नाही," साहेब म्हणाले. "चांगलं झालंय." आणि संपूर्ण ताट खाल्लं. माफी म्हणून जे काही झालं ते एवढंच. जाताना ते म्हणाले, "मग उद्यापासून या."

"बघू," मावशी म्हणाली.

तव्याला चीजची कड चिकटून राहिली होती. तिनं ती नखानं सोडवली, दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला, दुसरा माझ्या तळहातावर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. मग पदरानं हात पुसले आणि निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

पुढं कित्येकदा मनात आलं, करमाडला जावं. एकदा गेलोही, तर वाडा रिकामा. मेंढ्या घेऊन सगळे गंगाथडीला, गोदावरीकाठी गेले होते. नंतर शेंद्र्याकडं कारखाने वाढले, वाडीची वाटही बदलली. काही वर्षांनी करमाडच्या बाजारात बगलेत कोकरू घेतलेला एक म्हातारा धनगर भेटला. बोलता बोलता तो तिचा नवरा निघाला. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती.

"मी त्यांच्याबरोबर गेस्ट हाउसला होतो," मी म्हणालो आणि माझं नाव सांगितलं.

त्यानं बराच वेळ आठवून बघितलं. "नाय बा. तुमचं नाव तिनं कधी काढलं न्हाय."

"काम का सोडलं, ते सांगितलं होतं का?"

"जीपात लई गर्दी ऱ्हाती म्हनली. अंग दुखतंय म्हनली." त्यानं कोकरू बगलेत नीट घेतलं. "पर जीपाला ती कधी भ्याली नव्हती. मला तवाबी नवल वाटलं व्हतं."

तो माझ्याकडं बघत थोडा थांबला. मला तिथं सांगता आलं असतं. मी सांगितलं. भर बाजारात, त्या अनोळखी माणसाला, पाण्यापासून कागदापर्यंत सगळं. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "आसं व्हय," आणि कोकरू घेऊन गर्दीतून हळूहळू निघाला. त्याचं पांढरं पागोटं बैलबाजाराच्या कोपऱ्यापर्यंत दिसत होतं.