पऱ्हाटीतली रेवती

माही पुतणी पुष्पांजली मोबाईलवर कादंबरी लिहिते. बी.ए. झाली, अमडापुरात झेरॉक्सच्या दुकानात बसते, अन् सुट्टी असली की आमच्यासंग पऱ्हाटीत कापूस वेचाले येते. वेचता वेचता आपलाच भाग आम्हा बायांना वाचून दाखवते. मी चिडकी बाई, गप्पा मले आवडत नाहीत, पण त्या गोष्टीसाठी तिच्या बाजूच्याच ओळीची पात धरत होती.

कादंबरीतली रेवती मोठी बिलंदर. शब्द देते अन् मोडते, वरून खोटं बोलते. आधी तिचा प्रज्वलवर जीव जडला, मंग शैलेशवर. मोबाईलवर वाचणारे लिहीत, "हिला सुधारा, नाहीतर आम्ही वाचणं बंद करू." आमची बनाबाई रेवतीले दर खेपेला शिव्या देणार अन् दर खेपेला पुढचं विचारणार.

त्या दिवशी पोरीचा घसा बसला होता. मोबाईल माह्या ओटीत ठेवून ती विहिरीवर पाणी आणाले गेली. बाया म्हणे, लाव ना पुढचं. मोबाईल सोताच वाचून दाखवते ते बटन मले ठाऊक होतं. झक मारली अन् दाबलं.

मोबाईलातली बाई सांगू लागली. पोरीच्या लिहिण्यात शैलेश कोणी नव्हताच. शलाका होती, पोरगी. रेवतीनं तिले चिखलीच्या स्टॅण्डवर बोलावलं अन् सोता गेलीच नाही. 'आई आजारी आहे' असं कळवलं अन् फोन बंद केला.

पुष्पांजली हंडा घेऊन आली तं हे चालू. हंडा धुऱ्याच्या बांधावर ठेवून ती उभीच राह्यली. माय आता घरात घेते का नाही, एवढंच तिच्या तोंडावर दिसत होतं. तिची माय म्हणजे माही जाऊ कोकिळा. ती चार पाती पलीकडं खाली मान घालून वेचत होती.

बनाबाई म्हणे, "म्हंजे प्रज्वलवरचं खोटं होतं काय व?"

"नाही आजी," पोरगी बसक्या आवाजात बोलली. "दोन्ही खरं. तुमच्यापुढं मीच नाव बदलत होती."

"अन् हे तुह्यं सोताचं आहे काय?" मी विचारलं. माहं तोंडच असं.

"हाव, काकू."

मंग बाया परत वेचाले लागल्या. दुपारी कोकिळेनं लेकीच्या भाकरीवर ठेचा वाढला, पण सोता दूर जाऊन जेवली. मले सोताचा भारी राग आला.

संध्याकाळी गठोडे बांधताना कोकिळा लेकीले म्हणे, "साखरखेर्ड्याची संजीवनी. तुह्यासंग कॉलेजात होती, आपल्या घरी राहाले येत होती. दोन वर्षं झाले, आली नाही. मागं चिखलीच्या बाजारात भेटली तं मले म्हणे, 'काकू, आता बरं वाटते ना?' मी म्हटलं, पोरगी असं काऊन विचारून राह्यली?"

पुष्पांजली रडाले लागली.

"मी कधी पडली होती व आजारी?"

"नाही पडली."

"पोरीचा पोरीवर जीव, हे मले समजाले वेळ लागन. पण माह्या नावानं खोटं बोलली, ते समजलं. लाव तिले फोन."

पोरीनं लावला. घंटी वाजत राह्यली. तिकडून उचलला, तसा कोकिळेनं मोबाईल हातातून ओढला.

"संजीवनी, मी पुष्पाची माय. मले काहीच झालं नव्हतं, बाई. तुले खोटं सांगतलं. घे, खरं हिच्याकडून ऐक."